देवळातला वाघ, रानातला वाघ

कुशावतीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर आदिमानवाने कोरलेले बैल, हरणे, मोर १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आले. प्राणिमात्रांशी असलेले नाते पाषाणात जपण्याची ही रीत गोमंतकात अद्याप जिवंत आहे. सत्तरी-सांग्यात वाघ्रोदेवाच्या मूर्ती आजही पूजिल्या जातात. त्याच सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विष घातल्याचा आरोप झाला. कृत्य निंद्यच, परंतु ज्याचा गोठा रिकामा झाला, त्याला केवळ देवाचा धाक पुरत नाही. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आदेश दिला. त्याच्या जोडीने गुरांची भरपाईही विनाविलंब दारी पोहोचली पाहिजे. अन्यथा उद्याच्या अभ्यासकांना गोमंतकाचा वाघ दगडातच शोधावा लागेल.