पोट सोडा, मग गा

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी निम्म्याजणींचा घसा बसलेला असतो. मग आले-मध, मिठाच्या गुळण्या. गाऊन आणि घोषणा देऊन घसा बसणारच, असे आपण धरूनच चालतो. माझ्या मते यात दोष श्वासाचा आहे, आणि श्वास कसा घ्यायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही.

'पोटातून गा' म्हटले की शिबिरात बायका हसतात. पोटात कुठला आवाज? बरोबरच आहे, आवाज गळ्यातच तयार होतो. पण फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सपाट होतो, पोटातले अवयव खाली ढकलले जातात आणि पोट पुढे येते. ते येऊ दिले, खालच्या बरगड्या फाकू दिल्या, तर श्वास खोल भरतो आणि बेताबेताने सोडता येतो. पोट आवळून धरले तर खांदे उचलून वरवरचा श्वास घ्यावा लागतो. ओळ संपायच्या आत तो संपतो आणि सगळा जोर गळ्यावर येतो.

आता बायकांना सांगून पाहा, पोट पुढे येऊ द्या म्हणून! वयात आल्यापासून 'पोट आत घे, हळू बोल' हेच ऐकलेले. त्यात परकराची नाडी. साडी सुटू नये म्हणून ती इतकी आवळायची की कमरेला काळा वळ पडतो. (२०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात दिली. वर्षानुवर्षे नाडी घासून कमरेला जखम झाली आणि तिथे त्वचेचा कर्करोग.)

केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या दमसासाचे कौतुक आपण करतो. दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. त्या कलावंत घराण्यांतल्या. 'घरंदाज' मुलीला ही तालीम कुठली? पण दम काही फक्त मैफिलीत नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. जाते ओढता ओढता त्या म्हणणाऱ्या बाईला श्वास पुरत होता. जाते परत आणा असे मी म्हणणार नाही, ते कष्टच होते. पण तिचीच लेक आज 'मला गाता येत नाही' म्हणते.

'पाण्याचा प्रश्न सोडून श्वास काय शिकवता?' असे कार्यकर्त्या विचारतात. श्वासाने नळाला पाणी येणार नाही, हे मान्य. पण वॉर्ड ऑफिसात साहेबापुढे जिचे वाक्य अर्ध्यात तुटते, ती हीच बाई असते.

म्हणून प्रत्येक शिबिरात अर्धा तास ठेवावा. पुरुष कार्यकर्त्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावे. नाडी सैल करून चटईवर उताणे पडायचे, पोटावर हात ठेवायचा, श्वास भरताना हात वर येतो का पाहायचे. मग 'स्स्' करत एकसारखा सोडायचा, मनात आकडे मोजायचे. चक्कर आली तर थांबायचे. हे जमल्यावर बसून, मग उभ्याने, आणि मग गाण्याची एकेक ओळ. पेटीवाल्याने बायका म्हणून उंच पट्टी धरली असेल तर ती खाली आणायला सांगायचे. गंगूबाई हनगल आयुष्याचा बराच काळ भारदस्त, खालच्या आवाजातच गायल्या.