डोंगराच्या पोटातील पाणी

पावसाळा आला की काल किती इंच पडला, एवढीच चौकशी सर्वत्र होते. डोंगर मात्र केवळ कालच्या पावसाचा हिशेब ठेवीत नाही. कारवारजवळच्या कडवाड येथे दरड कोसळून १९ जणांचा बळी गेला, तो दिवस २ ऑक्टोबर २००९ चा. त्याच दिवशी शेजारच्या काणकोणातही पुराने हाहाकार उडविला. हस्ताचा तो पाऊस प्रचंड होता, हे खरेच; पण तो पडला चार महिने पाणी पिऊन तृप्त झालेल्या मातीवर, हे विसरता कामा नये.

थोडी ओल मातीच्या कणांना एकत्र धरून ठेवते. पावसाची झड चालूच राहिली की कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात, खालच्या कातळाशी अडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरील पकड सुटते. माती जड होते ती वेगळीच! मग एखादी जोराची सर पुरते आणि अवघा उतार झाडांसकट खाली येतो.

झाडांसकट, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहो. रान आहे तेथे दरडीचे भय नाही, असा भाबडा समज आपल्याकडे रूढ आहे. मुळे वरचा थर आवळून धरतात, ओलही शोषतात. म्हणून वृक्षतोड घातक, यात शंका नाही. परंतु घसरण मुळांच्याही खाली सुरू झाली तर वृक्ष काय करणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी रानातच वसलेली होती. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासला, तर विचारावयासच नको. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर काय घडले, ते सर्वांनी पाहिले आहे.

आमचे मागणे साधे आहे. कणकुंबीच्या परिसरात व चोर्ला घाटात पावसाबरोबर मातीतील ओलही मोजली जावी आणि मागील अनेक दिवसांचा पाऊस जमेस धरून इशारा दिला जावा. भेगा पडलेली जमीन, एकाएकी गढूळ झालेला झरा, कललेली झाडे ही चिन्हे गावकऱ्यांना आधीच समजावून द्यावीत. आणि हे सारे खानापूरच्या रानातील गावांना मराठीतून कळले पाहिजे. भाषेचा आमचा लढा जुना आहे, तो चालूच राहील. पण मध्यरात्री घर सोडण्याचा हुकूम समजून घेण्यासाठी कोणाला दुभाष्या शोधावा लागू नये, एवढे तरी बेंगळूरच्या राज्यकर्त्यांनी पुढील मृगापूर्वी करावे.