स्टीव्ह जॉब्स आणि ते नऊ महिने

५ ऑक्टोबर २०११ रोजी स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले. वय अवघे ५६. मॅकिंटॉश, आयपॉड, आयफोन, आयपॅड ही त्यांच्या अॅपल कंपनीची कामगिरी सर्वांना ठाऊक आहे. पण डॉक्टर म्हणून मला त्यांच्या आयुष्यातले नऊ महिने जास्त अस्वस्थ करतात.

ऑक्टोबर २००३ मध्ये मूत्रपिंडांसाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या स्वादुपिंडावर सावली दिसली. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटले की आम्हा डॉक्टरांच्याही पोटात गोळा येतो. नेहमी आढळणारा प्रकार पाचकरस वाहणाऱ्या नलिकांमध्ये सुरू होतो, वेगाने पसरतो आणि बहुतेक वेळा उशिरा कळतो. जॉब्स यांचा प्रकार मात्र वेगळा होता. स्वादुपिंडात इन्शुलिनसारखी हार्मोन्स तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींमधून निर्माण होणारी ही गाठ, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. ती दुर्मीळ असते, बहुधा सावकाश वाढते आणि वेळेत काढली तर बरे होण्याची चांगली संधी देते.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. घरच्यांनी, मित्रांनी विनवण्या केल्या. जॉब्स तयार झाले नाहीत. कडक शाकाहार, फळांचे रस, अॅक्युपंक्चर, वनौषधी असे उपाय त्यांनी करून पाहिले. अखेर जुलै २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आजार यकृतापर्यंत पोहोचलेला होता. २००९ मध्ये यकृत प्रत्यारोपण करावे लागले. पुढे दोन वर्षांनी ते गेले.

आधी शस्त्रक्रिया केली असती तर ते वाचले असते का? हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित आजार सुरुवातीलाच पसरलेला असेल. पण एक संधी हातात होती आणि ती नऊ महिने तशीच पडून राहिली, एवढे खरे. त्या निर्णयाची खंत पुढे त्यांनी स्वतःच आपल्या चरित्रकाराजवळ व्यक्त केली होती.

"इतका हुशार माणूस असे कसे वागला?" असे लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. भीतीपुढे हुशारी चालत नाही. आपले शरीर कोणी उघडावे, हे त्यांना नको होते. माझ्याकडे येणारे रुग्णही हेच म्हणतात, फक्त शब्द वेगळे असतात. "डॉक्टर, गाठीला चाकू लागला की ती पसरते म्हणे." "आधी सहा महिने काढा घेऊन बघतो." यात शिकलेले आणि न शिकलेले असा फरक मला दिसलेला नाही.

अशा रुग्णावर चिडणे सोपे आहे. पण दोष आमच्याकडेही जातो. पाच मिनिटांत "कॅन्सर आहे, ऑपरेशन करा" असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली, तर घाबरलेला माणूस जिथे कोणी शांतपणे बोलेल तिथेच जाणार. त्याची भीती ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

आणि तुमच्याकडून एवढीच अपेक्षा: गाठीचे निदान झाले तर तिचा नेमका प्रकार विचारा, कारण सगळे कॅन्सर सारखे नसतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या, पण ते किती दिवसांत घेणार हे आधीच ठरवा. थांबले तर काय होऊ शकते, हे स्पष्ट विचारा. आहार, योग, प्रार्थना यांनी मनाला उभारी मिळत असेल तर डॉक्टरांना सांगून उपचारांच्या जोडीने चालू ठेवा. काढे, चूर्णे मात्र विचारल्याशिवाय नकोत, आणि यांपैकी कशासाठीही उपचार लांबवू नका.

जॉब्स यांच्याकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, जिवाला जीव देणारी माणसे होती. गेलेले नऊ महिने मात्र त्यांनाही परत आणता आले नाहीत.