शिलाई मशीनच्या खणातली फीत



आमचं घर दांडिया बाजारात असलं तरी सासरचा गोठा पादऱ्याकडे आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. अकरा म्हशी, बहुतेक सुरती. त्यांचं सगळं भावजी आणि जाऊबाई बघतात. मी शनिवार-रविवारची पाहुणी आणि हिशेबाच्या वहीची मालकीण.

गेल्या जूनमध्ये त्या वहीवरूनच वाद झाला. गोठ्यात एक वगार होती. वय अडीच वर्षं उलटून गेलेलं, पण माजावर यायचं नाव नाही. तिच्या चाऱ्या-दाणाचा खर्च दिवसाला 80 रुपये धरला, तरी वर्षाचे 29 हजारांवर जातात. भावजी म्हणाले, "वहिनी, दलाल येऊन बघून गेलाय. देऊन टाकू." जाऊबाईंचा जीव तिच्यावर. त्या म्हणाल्या, "एवढी भरलेली वगार कुणी विकतं का?"

खरंच, पोट छान गोल दिसत होतं. मी सहज विचारलं, "वजन किती असेल?" भावजी म्हणाले तीनशे किलो, जाऊबाई म्हणाल्या अडीचशे. दुधाच्या जनावराचं दूध आपण रोज दोनदा मोजतो, डेअरीत फॅटही लागतं. पण न दुभणाऱ्या वगारीचं कुणी काहीच मोजत नाही!

मोठा वजनकाटा लहान गोठ्याला परवडत नाही. त्यावर उपाय आहे फितीचा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 660 ने भागा. उत्तर किलोत येतं. मी शिलाई मशीनच्या खणातली फीत घेऊन गेले. घेर 56, लांबी 45. वजन आलं 214 किलो. दोघांचेही अंदाज चुकले.

हा आकडा काही किलो इकडेतिकडे असू शकतो. पण दर महिन्याला त्याच वेळी, सकाळी पाणी-चारा देण्याआधी, एकाच माणसाने मोजलं तर वाढ होते आहे की नाही ते कळतं. जुलैच्या शेवटी पुन्हा मोजलं. घेर तोच, 56! महिनाभर खाऊन वाढ शून्य. सुरती वगार साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोची झाली की भरवण्याजोगी होते. वय झालं तरी वजन नसेल तर माज येत नाही.

पशुवैद्यांनी शेण तपासायला लावलं. जंत निघाले. गोल पोट त्यांचंच होतं. जंताचं औषध वजनावर ठरतं, आणि आकडा आमच्या हातात होता. खाण्याचंही तसंच. जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे हिला पाच-सहा किलो. ओल्या चाऱ्यात पाणीच जास्त, म्हणून तो त्याहून बराच अधिक. आम्ही दाण थोडं वाढवलं, रोज क्षार मिश्रण सुरू केलं.

यात आमचं डोकं काही नाही हं! आपल्या शेजारच्या आणंदच्या एनडीडीबीने 2012 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत हेच केलं. गावातलेच प्रशिक्षित लोक गोठ्यात येत, कानातल्या बाराअंकी बिल्ल्यावरून नोंद काढत, फितीने माप घेत. त्यावरून सॉफ्टवेअर सांगे, घरातलंच कोणतं खाद्य किती द्यायचं. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या कुरणांवर तर पाण्याच्या वाटेवरच काटा असतो. गाय त्यावरून चालत गेली की बिल्ला वाचला जातो आणि वजन आपोआप नोंदलं जातं. यंत्र निराळं, तत्त्व एकच: डोळ्यांवर विसंबू नका.

ऑगस्टपासून आकडा हलू लागला. महिन्याला आठ-नऊ किलो. भावजी तोंडाने काही बोलले नाहीत, पण गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारखा त्यांच्याच अक्षरात दिसू लागल्या. दलालाला "पछी आवजो" सांगून परत पाठवलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी जाऊबाईंनी फीत लावली आणि ओरडल्या, "अहो वहिनी, फीत पुरत नाही!" शिवणकामाची फीत 60 इंचांची, घेर झाला होता 61. लांबी 46. म्हणजे 259 किलो. जानेवारीच्या थंडीत ती माजावर आली, भरवली, आणि आता गाभण आहे.

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी गोठ्यातल्या न दुभणाऱ्या जनावरापासून सुरुवात करावी. तोटा तिथेच लपलेला असतो. फक्त फीत जरा लांब घ्या. माझी आता गोठ्यातच राहिली आहे, आणि मशीनसाठी मला नवी घ्यावी लागली!