हेडलाइटवरची काळी फिल्म काढून टाका

रेडियमच्या दुकानात हेडलाइटवर काळी फिल्म चढवून घेतली, की गाडी रुबाबदार दिसते. गाडी सजवण्याची हौस जरूर असावी, पण ती दिव्यावर नको.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर कोणी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० लागतात. एकूण झाले ४५. आता समजा, डिप्परवर तुम्हाला ६० मीटरवरचा माणूस दिसतो. फिल्मने निम्मा प्रकाश अडवला, तर तोच माणूस ४२ मीटरवर आल्यावर दिसेल. मग ब्रेक कितीही दाबा, गाडी वेळेत थांबणार नाही. पावसात तर थांबायला लागणारं अंतर आणखी वाढतं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्रीही कारखान्याच्या वाटेवर असतात. कितीतरी गाड्यांना मागे ना दिवा, ना रेडियम. त्या दिसणार त्या तुमच्याच उजेडात.

काही जण उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॉटचा बल्ब टाकतात. त्याने वायरिंग तापतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. धुक्यासाठी लावलेली पिवळी फिल्मही कामाची नाही. धुक्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. आंबोलीच्या घाटात उपयोगी पडतो तो डिप्पर, खाली बसवलेला फॉग लॅम्प आणि कमी वेग. टेललाइटवर फिल्म असेल, तर तुम्ही ब्रेक दाबल्याचं मागच्याला उशिरा कळतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १०५ प्रमाणे दिव्याच्या उजेडात १५५ मीटरपर्यंतची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. दिव्यावर काळं चढवणं म्हणजे या नियमाच्या उलट वागणं.

फिल्म काढणं अवघड नाही. हेअर ड्रायरने ती कोमट करा, कडेपासून सावकाश ओढा, उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लेड किंवा थिनर वापरू नका. दिव्याची काच बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, ती खराब होते.

घरातल्या तरुण मुलांनाही हे समजावून सांगा. सीट कव्हर बदला, गाडीला आवडता रंग द्या, पण दिवे कंपनीने दिले तसेच राहू द्या.