उपाध्यक्ष निवडताना राज्य मोजायचे की माणूस?

नोव्हेंबर २०२४मध्ये कमला हॅरिस हरल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षात पराभवाची चिरफाड सुरू झाली. तीत एक आरोप चटकन रुळला. हॅरिस यांनी उपाध्यक्षपदासाठी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना घेतले असते तर निकाल फिरला असता, असा तो आरोप. वरवर पाहता त्यात दम आहे. मिनेसोटा १९७६पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत याच पक्षाकडे राहिले आहे; तिथला माणूस घेऊन नवे काय पदरात पडणार? पेनसिल्व्हेनिया मात्र अटीतटीचे, १९ इलेक्टोरल मतांचे राज्य, आणि शपिरो तिथे लोकप्रिय.

आता आकडे पाहावेत. ट्रम्प यांना ३१२, हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मते पडली. जिंकायला २७० लागतात. अख्खे पेनसिल्व्हेनिया हॅरिस यांच्या बाजूला टाकले तरी त्या २४५वर थांबतात. मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही दोन्ही राज्येही सोबत फिरली असती, तर कुठे बरोबर २७० झाले असते. शपिरो यांनी शेजारपाजारची राज्येही आणली असती असे म्हणायचे असेल, तर तो गृहराज्याचा युक्तिवाद राहत नाही. तो वेगळाच आणि बराच मोठा दावा झाला, आणि त्याला पुरावा लागतो.

गृहराज्यवाद्यांचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे १९६०. जॉन केनेडी यांनी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. हे उदाहरण झटकून टाकता येणार नाही. जॉन्सन नसते तर टेक्सास बहुधा गेलेच असते. पण केनेडी यांना एकूण ३०३ मते मिळाली होती आणि तेव्हा बहुमताला २६९ पुरत होती. टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात. टेक्सासबाहेरच्या दक्षिणेतही जॉन्सन यांचा उपयोग झाला, हे खरे. पण तो उपयोग सिनेटमधील बहुमताचा नेता म्हणून त्यांनी कमावलेल्या वजनाचा होता, गृहराज्याचा नव्हे.

त्यानंतरचा इतिहास तर या मताच्या बाजूने बोलायलाच तयार नाही. १९८८मध्ये मायकेल डुकाकिस यांनी टेक्सासचेच सिनेटर लॉइड बेंटसन यांना निवडले. टेक्सासच्या मतदारांनी त्याच दिवशी बेंटसन यांना सिनेटवर पुन्हा निवडून दिले, आणि अध्यक्षपदासाठी मात्र थोरल्या बुश यांना मोठ्या फरकाने कौल दिला. आपल्या माणसावर प्रेम असणे आणि त्याच्यासाठी अध्यक्ष बदलणे या दोन गोष्टी मतदार वेगळ्या ठेवतात, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण. २००४मध्ये जॉन एडवर्ड्स असूनही नॉर्थ कॅरोलायना गेले, २०१२मध्ये पॉल रायन असूनही विस्कॉन्सिन गेले. अल गोर तर २००० साली स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार असताना आपले टेनेसी राखू शकले नाहीत.

दुसरा पूर्वपक्ष अधिक प्रतिष्ठित आहे. तो म्हणतो, राज्य जाऊ द्या, पण समतोल हवाच. उत्तरेचा उमेदवार असेल तर दक्षिणेचा जोडीदार, तरुण असेल तर अनुभवी, एका गटाचा असेल तर दुसऱ्या गटाचा. विविधतेने भरलेल्या देशात हे शहाणपणाचे वाटते. पण हा समतोल फक्त मतदानाच्या दिवसापर्यंत टिकतो. अध्यक्ष गेला की तागडीतले एकच पारडे उरते.

व्हिग पक्षाला हे १८४१मध्ये कळले. विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या जोडीला त्या पक्षाने व्हर्जिनियाचे जॉन टायलर हे मूळचे डेमोक्रॅट दिले होते. शपथविधीनंतर महिन्याभरात हॅरिसन वारले. टायलर यांनी पक्षाच्या लाडक्या राष्ट्रीय बँकेवर दोनदा नकाराधिकार वापरला, डॅनियल वेबस्टर वगळता सारे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले आणि पक्षाने स्वतःच्याच अध्यक्षाला बाहेर काढले. तरी १८६४चा प्रसंग याहून किती तरी गंभीर. लिंकन यांचे पहिल्या कारकिर्दीतील उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन हे मेन राज्यातले, गुलामगिरीचे पक्के विरोधक. युद्धसमर्थक डेमोक्रॅटांना जवळ करण्यासाठी त्यांना बाजूला सारून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सन यांना घेतले गेले. निवडणुकीच्या हिशेबात ते चोख होते. पुढच्या एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि मुक्त झालेल्या लाखो कृष्णवर्णीयांचे भवितव्य अशा माणसाच्या हाती आले, ज्याने १८६६च्या नागरी हक्क विधेयकालाही नकार दिला. काँग्रेसने तो नकार मोडून काढला, १८६८मध्ये महाभियोग चालवला, आणि जॉन्सन एका मताने वाचले. त्या काळात जे गमावले गेले त्याची किंमत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पुढच्या शतकभर मोजली.

यावर हॅरी ट्रूमन यांचे नाव पुढे येणार. १९४४मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस नकोत म्हणून पक्षाच्या म्होरक्यांनी तडजोडीचे उमेदवार म्हणून ट्रूमन यांना आणले, आणि ते तर चांगले अध्यक्ष निघाले! निघाले, हे मान्य. पण ते कोरी पाटी नव्हते. युद्धखर्चातील उधळपट्टी शोधणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्षपद त्यांनी गाजवले होते. शिवाय या उदाहरणाची दुसरी बाजू भीतिदायक आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत असतानाही ८२ दिवसांच्या उपाध्यक्षाला अणुबॉम्बचा प्रकल्प कोणी समजावून सांगितला नव्हता. त्याची सविस्तर माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावर, २५ एप्रिल १९४५ रोजी मिळाली.

मग कसोटी कोणती? अमेरिकी राज्यघटनेने ती केव्हाच घालून दिली आहे. १८०४च्या बाराव्या दुरुस्तीनुसार अध्यक्ष होण्यास अपात्र असलेली व्यक्ती उपाध्यक्षही होऊ शकत नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात बसतात, पण जन्म भारतातला असल्यामुळे त्यांना दोन्ही पदे बंद आहेत. दोन्ही पदांची पात्रता एकच, कारण काम केव्हाही एकच होऊ शकते. आतापर्यंत नऊ उपाध्यक्षांवर मुदतीच्या मध्येच अध्यक्ष होण्याची वेळ आली: आठ वेळा मृत्यूमुळे, एकदा निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. म्हणून पहिला प्रश्न एकच असावा: उद्या सकाळी हा माणूस देश चालवू शकेल का? दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. अध्यक्षाला तोंडावर नाही म्हणण्याची त्याची धमक आहे का? ६ जानेवारी २०२१ रोजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी निवडणुकीची मते फेटाळण्यास नकार दिला, तेव्हा ते इंडियानाचे आहेत की आणखी कुठले, याने काहीच फरक पडत नव्हता.

या कसोटीवर शपिरो आणि वॉल्झ यांना तोलले असते तर चर्चा वेगळी झाली असती. फिलाडेल्फियात जून २०२३मध्ये आय-९५ महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा शपिरो यांच्या प्रशासनाने बारा दिवसांत वाहतूक सुरू करून दाखवली. वॉल्झ यांच्यामागे नॅशनल गार्डमधील २४ वर्षे, काँग्रेसमधील १२ वर्षे आणि सर्व शाळकरी मुलांना मोफत जेवण देणारा राज्यकारभार होता. दोघेही तोलामोलाचे होते. पण गाजली ती वॉल्झ यांची दूरचित्रवाणीवरची एक चपखल टीका आणि शपिरो यांची १९ मते. शिवाय सारे घाईत झाले: बायडेन यांनी शर्यतीतून माघार घेतली २१ जुलैला, वॉल्झ यांचे नाव जाहीर झाले ६ ऑगस्टला. दुसऱ्या पक्षातही चित्र फार निराळे नव्हते: ७८ वर्षांच्या उमेदवाराने सिनेटमध्ये जेमतेम दीड वर्ष काढलेल्या जे. डी. व्हान्स यांना निवडले.

घाईची किंमत जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी १९७२मध्ये चुकवली होती. अधिवेशनाच्या धांदलीत निवडलेल्या टॉमस ईगल्टन यांना नैराश्यासाठी विजेचे झटके दिले गेले होते, हे नंतर उघड झाले आणि १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. तो आजार अपात्रता नव्हे. शांतपणे विचारले असते, तर देशाला समजावूनही सांगता आले असते. याउलट जिमी कार्टर यांनी १९७६मध्ये इच्छुकांना भेटून, वेळ घेऊन वॉल्टर मॉन्डेल यांना निवडले, त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय दिले आणि गुप्तचर माहिती खुली केली. आजचे उपाध्यक्षपद घडले ते तिथून.

आणि खुली तपासणी अशक्य आहे, असेही नाही. १९६७च्या पंचविसाव्या दुरुस्तीनुसार उपाध्यक्षपद मध्येच रिकामे झाले, तर नव्या नावाला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. १९७३मध्ये जेराल्ड फोर्ड या चाळणीतून गेले. १९७४मध्ये नेल्सन रॉकफेलर यांची तपासणी चार महिने चालली. त्यांनी अधिकाऱ्यांना दिलेल्या देणग्या आणि कर्जेसुद्धा जाहीरपणे तपासली गेली. नेमलेल्या उपाध्यक्षाला इतके प्रश्न, आणि उमेदवाराने उचललेल्याला बंद खोलीतली मुलाखत पुरे, ही विसंगती खपवून घेण्याचे कारण नाही. १९५६मध्ये ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी केली तशी निवड अधिवेशनावर सोपवायला कोणी सांगत नाही. पसंती उमेदवाराचीच राहावी. पण २०२८मध्ये दोन्ही पक्षांनी जोडीदाराचे नाव अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी जाहीर करावे आणि प्रतिनिधींपुढे त्याची खुली चौकशी ठेवावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पक्षांनी आपापले नियम बदलले की झाले.