आर्लच्या नियमाचा विसरलेला अर्धा भाग

१/ ‘धर्मगुरू पतित असला तरी त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा, मग त्याच्या आचरणाची उठाठेव कशाला?’ हा युक्तिवाद संत ऑगस्टीनच्या नावावर खपवला जातो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ इ.स. ३०३. सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले. उत्तर आफ्रिकेतील काही धर्मगुरूंनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. छळ ओसरल्यावर कार्थेजमध्ये वाद पेटला : अशांनी दिलेली गुरुदीक्षा ग्राह्य काय? डोनेटसपंथीयांचे उत्तर ठाम नकाराचे होते.

३/ ३१४ साली गॉलमधील आर्लच्या धर्मपरिषदेने ती दीक्षा ग्राह्य ठरवली. युक्तिवादी येथेच थांबतात. परंतु त्याच नियमात आज्ञा आहे : सरकारी दप्तरावरून ज्याचा अपराध सिद्ध होईल, त्याला पदावरून दूर करावे!

४/ ऑगस्टीनची भूमिकाही हीच. संस्कार ख्रिस्ताचा, देणाऱ्याचा नव्हे, असे त्याने डोनेटसपंथीयांना बजावले. पण हिप्पोतील आपल्या धर्मसेवकांना त्याने खासगी मालमत्ता बाळगू दिली नाही. जानुआरियस नावाच्या धर्मगुरूने पैसा राखून ठेवला व मृत्युपत्राने चर्चला दिला, तेव्हा ऑगस्टीनने ते दान नाकारले आणि सारे प्रकरण भर उपासनेत लोकांपुढे मांडले.

५/ तात्पर्य, ग्राह्यतेचा सिद्धान्त भाविकांच्या रक्षणासाठी होता. गुरूच्या पापामुळे त्यांचा बाप्तिस्मा बुडू नये, एवढाच त्याचा हेतू. त्याच्या आडोशाने दुराचारी गुरूला पदावर राखणारे आर्लचाही अवमान करतात आणि ऑगस्टीनचाही.